उघड्या दाराची प्रार्थना

यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत कुरकुर सुरू झाली ती जेवणाच्या वाटपावरून. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते, अशी त्यांच्या माणसांची तक्रार होती. प्रेषितांनी सगळ्यांना बोलावले, सात माणसे निवडायला सांगितली, वाटप त्यांच्याकडे सोपवले आणि आपण प्रार्थना व वचनाची सेवा यांना वाहून घेऊ असे ठरवले. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायातली ही हकीकत सेवाकार्यात पडलेल्या प्रत्येकाने ऐकलेली असते. तिचा अर्थ मात्र बहुतेक वेळा अर्धाच सांगितला जातो. प्रार्थना हे वरचे काम, वाढणे हे खालचे. पाळकाने पहिले करावे, बाकीच्यांनी दुसरे.

पुढचा अध्याय वाचला की हा अर्थ टिकत नाही. त्या सातांत पहिले नाव स्तेफनाचे. वाढपावर नेमलेला हा माणूस अंगावर दगड पडत असताना गुडघे टेकतो आणि दगड मारणाऱ्यांसाठी क्षमा मागत प्राण सोडतो. वधस्तंभावरच्या प्रभूची आठवण व्हावी अशी प्रार्थना लूकने नोंदवली ती या वाढप्याच्या तोंडची. सातांना कामावर पाठवतानाही प्रेषितांनी प्रार्थना करूनच त्यांच्यावर हात ठेवले होते. कामाची वाटणी झाली होती, प्रार्थनेची झाली नव्हती.

मी ज्याची ही प्रस्तावना लिहितो आहे ते प्रार्थनेवरचे पुस्तक ज्यांच्या हाती पडावे असे मला मनापासून वाटते, ते बहुतेक वाढपावरचेच लोक आहेत. संडेस्कूलच्या शिक्षिका, मिशन दवाखान्यातल्या परिचारिका, वसतिगृह सांभाळणारे, मंडळीचे खजिनदार, घरभेटींना जाणाऱ्या भगिनी, एका रविवारी दोन-तीन गावांत उपासना घेणारे पाळक. प्रार्थनेचे महत्त्व त्यांना पटवून द्यावे लागत नाही; त्यावर त्यांनी स्वतः संदेश दिलेले असतात. त्यांची अडचण वेगळी आहे. सकाळी उठल्यापासून लोकांची कामे पाठीशी लागतात. आपण देवाचेच काम करतो आहोत, मग देवाशी बोलायला निराळा वेळ कशाला, हा विचार नकळत मनात घर करतो. अशी वर्षे जातात. मग चारचौघांत प्रार्थना करायला सांगितली तर शब्द भरभरून येतात, पण एकटे बसल्यावर देवाला सांगण्यासारखे काही सुचत नाही. सेवेतला हा सर्वांत मोठा धोका आहे असे मी मानतो. तो बाहेरून कोणाला दिसत नाही, म्हणून त्यावर कोणी बोटही ठेवत नाही.

मार्कच्या पहिल्या अध्यायात प्रभू येशूचा कफर्णहूममधला एक दिवस आला आहे. सकाळी सभास्थानात शिक्षण, मग शिमोनाच्या तापाने फणफणलेल्या सासूला बरे करणे, सूर्य मावळल्यावर दारापाशी सारे गाव गोळा. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो उठून रानात गेला आणि प्रार्थना करत राहिला. शिमोन त्याला शोधत आला तो गर्दीचा निरोप घेऊन: सगळे तुझी वाट पाहताहेत. येशू त्या गर्दीकडे परत गेला नाही. आजूबाजूच्या गावांकडे जायचे, असे त्याने सांगितले. कफर्णहूममध्ये करण्यासारखे पुष्कळ काम शिल्लक होते, आणि चांगले काम होते. कोणाला नाही म्हणायचे हे त्या पहाटे ठरले. प्रार्थनेने सेवकाचे काम हलके होते असे आपण एकमेकांना सांगतो. माझा अनुभव असा की प्रार्थनेने आधी हे कळते की काम आपले नाही. ते कळले नाही तर माणूस सेवेचा मालक होतो, आणि मालकाला विश्रांती नसते.

मराठी माणसाला याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. तोवर त्यांची विद्वत्ता इंग्लंड-अमेरिकेत गाजली होती, पुस्तके निघाली होती, विधवांच्या शिक्षणाचे काम उभे राहिले होते. आणि तरीही १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त नव्हता. हे त्यांना उमगले ते सदनाच्या कामाच्या ऐन धबडग्यात, १८९१ च्या सुमारास. एवढी मोठी बाई हे इतक्या सरळपणे लिहिते, आणि आपण मात्र ती साक्ष वाचून तिच्या पुढच्या कार्याच्या आकड्यांकडे वळतो. मला ते एक वाक्य त्या साऱ्या आकड्यांहून मोलाचे वाटते.

त्यानंतर जे घडले ते थोडे सविस्तर सांगायला हवे. सदन चालत होते अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर, आणि मुलींच्या धर्मात हात घालायचा नाही हा सदनाचा जाहीर शब्द होता. मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. रमाबाई आपल्या खोलीत लहानग्या लेकीला, मनोरमेला, घेऊन बायबल वाचत, प्रार्थना करत. मात्र खोलीचे दार त्या लावून घेत नसत. हळूहळू काही मुली येऊन बसू लागल्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते आणि कोणी उठवलेही नाही. पुण्यात गवगवा झाला, ‘केसरी’ने झोड उठवली. १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर बाहेर पडले. कित्येक पालक मुलींना काढून घेऊन गेले.

या प्रसंगावर लिहिताना आपले ख्रिस्ती लेखक रानडे-भांडारकरांना घाईघाईने दोषी ठरवतात, ते मला पटत नाही. दोघेही प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ, रोज देवापुढे बसणारी माणसे. त्यांच्या शब्दावर विश्वास टाकून लोकांनी बालविधवा लेकींना शिकायला पाठवले होते, आणि तसे पाठवणे हेच त्या काळी केवढे धाडस होते. त्यांना तो शब्द पाळायचा होता. रमाबाईंचा पेच याहून निराळा होता. ज्या मुलींना घरात कोणी जवळ घेतले नाही, ज्यांचे तोंड पाहणे अशुभ मानले गेले, त्या आपण होऊन जवळ येऊन बसतात. अशा वेळी त्यांच्या तोंडावर दार लावून देवाशी काय बोलायचे?

प्रार्थना करताना खोलीत जाऊन दार लाव, असे प्रभूनेच डोंगरावरच्या प्रवचनात शिकवले आहे, हे मी विसरलेलो नाही. पण तिथे त्याने बोट ठेवले आहे ते रस्त्याच्या कोपऱ्यावर लोकांना दिसावे म्हणून उभे राहणाऱ्यांवर. रमाबाईंच्या त्या खोलीत दाखवण्यासारखे काही नव्हते. उलट दार उघडे ठेवण्याची किंमत सदनाला मोजावी लागली. सेवाकार्यात या दोन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतात. काही बोलणे देवाशी एकांतातच व्हावे. आणि ज्यांच्यामध्ये आपण राबतो त्यांना आपण कोणापुढे गुडघे टेकतो हे कळावे, निदान कळू नये अशी खटपट तरी आपण करू नये. दोन्हींचा मेळ कसा घालायचा याचा ठरीव नियम नाही. रमाबाईंनी तो आपल्या परीने घातला आणि त्याचे परिणाम सोसले.

१८९६ च्या एप्रिलात लोणावळ्याला एक ख्रिस्ती मेळावा भरला होता. रमाबाई १५ मुलींना बरोबर घेऊन गेल्या होत्या. एके पहाटे झाडीत एकट्या बसून त्यांनी मागणे मागितले: या १५ चा वर्ग करून दे, २२५ मुली दे. गणिताच्या भाषेतली ही प्रार्थना मला फार आवडते. तिच्यात गुळमुळीतपणा नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंचे आई, वडील आणि थोरली बहीण १८७० नंतरच्या दुष्काळात उपासमारीने गेले होते. भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होते. त्या तिकडे गेल्या, मुलींना आणि विधवांना घेऊन आल्या, आणि पुण्याहून दौंडच्या वाटेवर केडगावला घेतलेल्या जमिनीवर त्यांना ठेवले. मागितलेली संख्या भरून वर गेली. पण आलेल्या मुली शाळेत बसायला तयार असलेल्या नव्हत्या. हाडांचे सापळे झालेल्या, अंगावर फोड, डोक्यात उवा, अन्न दिसले की झडप घालणाऱ्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावच्या या मुक्ती मिशनमधली संख्या दोन हजारांच्या आसपास पोचली. देवाकडे मागताना माणसाने हे ध्यानात ठेवलेले बरे, की उत्तर आले तर त्याला न्हाऊ-माखू घालावे लागेल, रात्री उठून पाणी द्यावे लागेल, त्याच्यासाठी विहिरी खणाव्या लागतील.

मुक्तीचे नाव निघाले की लोक १९०५ च्या संजीवनाबद्दल बोलतात. जूनच्या अखेरीस तिथे मुलींमध्ये पश्चात्तापाची आणि प्रार्थनेची मोठी लाट उसळली. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी लिहून ठेवले आहे की एका मुलीच्या अंगावर ज्वाळा दिसल्याचे वाटून दुसरी मुलगी पाण्याची बादली आणायला धावली. हा प्रसंग आपल्या सभांतून पुष्कळदा सांगितला जातो, आणि सांगणाऱ्याचा आवाज तिथे हमखास चढतो. त्याआधीच्या सहा महिन्यांबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. जानेवारीत रमाबाईंनी रोज प्रार्थनेला कोण येईल असे विचारले तेव्हा सत्तरएक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या साडेपाचशेवर गेली होती. त्या सहा महिन्यांत काही विलक्षण दिसले नाही. पहाटे उठायचे, जमायचे, प्रार्थना करायची आणि कामाला लागायचे. दळण, शेती, हातमाग, छापखाना, आजाऱ्यांची सेवा, शाळा हे सगळे चालूच होते. ज्या मंडळ्यांना आज संजीवन हवे आहे त्यांनी जूनची ती रात्र मागण्याआधी जानेवारी ते जून ही वाट चालून पाहावी. संजीवनानंतर त्याच मुली गटागटांनी आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला बाहेर पडल्या. एब्रम्स यांची १९०६ ची छोटी पुस्तिका दक्षिण अमेरिकेत चिलीपर्यंत पोचली आणि १९०९ साली तिथल्या वालपाराइसो शहरातल्या मेथॉडिस्ट मंडळीत जे घडले त्यात तिचा वाटा होता. दौंडजवळच्या एका खेड्यातली प्रार्थना कुठे जाऊन पोचते, हे तिथे पहाटे जमणाऱ्या मुलींना कधी कळलेही नसेल.

उलट दिशेचाही एक धागा आहे. १८०६ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी मोकळ्या मैदानात प्रार्थनेला जमले होते. वादळ आले म्हणून ते गवताच्या गंजीच्या आडोशाला गेले आणि तिथेच त्यांनी आशियातल्या लोकांसाठी प्रार्थना केली. त्यातून १८१० साली अमेरिकन बोर्ड हे मिशनरी पाठवणारे मंडळ निघाले, आणि बोर्डाने पाठवलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनी परत पाठवायला टपलेली असताना, मुंबईत उतरले. अमेरिकन मराठी मिशन तिथून सुरू झाले. हॉल १८२६ साली नाशिक भागात फिरत असताना पटकीने गेले. त्याच मिशनचे काम पुढे अहमदनगरला रुजले, त्यातून शाळा निघाल्या, मंडळ्या उभ्या राहिल्या, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनी सेवा केली तीही या मिशनबरोबर. ज्यांच्यासाठी कोणीतरी गवताच्या गंजीआड गुडघे टेकले होते, त्यांत आपले पूर्वज होते.

टिळकांबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मराठीतल्या ख्रिस्ती प्रार्थनेविषयी बोलता येत नाही. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार दिला आणि वाचायला व प्रार्थना करायला सांगितले. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी मराठी मंडळीला जे दिले ते तिचा गळाच होता. तोवर आपण परक्या चालींवर, भाषांतरित शब्दांत देवाला आळवत होतो. टिळकांनी अभंग आणला, ओवी आणली, भजन आणले. तुकोबांचे बोट धरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी पोचलो, ही त्यांची भावना होती आणि त्यांनी ती लपवली नाही. आज ‘उपासना संगीत’ उघडून एखाद्या खेड्यातली आजी चष्म्याशिवाय टिळकांचे पद म्हणते, तेव्हा ती वाचत नसते, प्रार्थनाच करत असते. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ साली, गोव्यात राशोलच्या छापखान्यातून फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ बाहेर पडले होते. मराठी ओवीत ख्रिस्ताची कथा ऐकायची सवय इतकी जुनी आहे. वसईच्या कॅथलिक घरांत संध्याकाळी सारे कुटुंब रोझरीला बसते, तिथे नातवंडे आजीच्या बोलीतले उच्चार आपोआप उचलतात. प्रोटेस्टंट वाचकांपैकी काहींना ही पठणाची रीत परकी वाटेल. मला तिच्यात एक गोष्ट शिकण्यासारखी वाटते. मन थकलेले असते, स्वतःचे शब्द फुटत नाहीत, त्या दिवशीही ती प्रार्थना थांबत नाही. प्रभूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना अशाच दिवसांसाठी पाठ असावी लागते.

आता उत्तर न आलेल्या प्रार्थनांविषयी. या विषयावर लिहिणारे पुष्कळदा इथे काढता पाय घेतात. मनोरमाबाई आईचे काम पुढे चालवणार, असे साऱ्यांनी धरले होते. २४ जुलै १९२१ रोजी त्या वारल्या. रमाबाईंनी मुलीसाठी किती आणि काय मागितले असेल, ते आपण समजू शकतो. त्या वेळी त्या हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेल्या बायबलच्या भाषांतराच्या शेवटच्या टप्प्यात होत्या. ते काम त्यांनी सोडले नाही. तपासणी पुरी होत आली तोच ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. खेड्यातल्या बायकांना समजावे म्हणून केलेले ते भाषांतर त्यांच्यामागे मुक्तीच्या छापखान्यातूनच निघाले. गेथशेमाने बागेत स्वतः प्रभूने जे मागितले तेही मिळाले नाही, आणि त्याने तीनदा मागितले होते. प्रार्थनेचे शास्त्र सांगणाऱ्या प्रत्येकाने आधी या बागेत थोडा वेळ बसावे.

हे मी जोर देऊन लिहितो, कारण आज काही व्यासपीठांवरून उलटे शिकवले जाते. रोग गेला नाही तर तुझा विश्वास कमी पडला, असे खाटेवरच्या माणसाला सांगणारे सेवक आहेत. औषध बंद करा म्हणणारे आहेत. प्रार्थनेच्या बदल्यात पैसे सुचवणारेही आहेत. याला सेवा म्हणू नये. कर्करोगाने झिजणाऱ्या बाईच्या मनात अपराधाची भावना भरणे हे पाप आहे, मग ते कितीही मोठ्या आवाजात येशूच्या नावाने केलेले असो. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणाऱ्याने त्याचे डबे भरावेत, त्याला दवाखान्यात न्यावे, रात्री त्याच्या उशाशी बसावे. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांना बोलावण्याची आज्ञा आहे, आणि त्याच पत्रात उघड्यानागड्याला नुसते आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्यांचीही खरडपट्टी आहे. दोन्ही वचने एकाच माणसाने लिहिली आहेत.

मध्यस्थीच्या प्रार्थनेबद्दल एक साधी सूचना करतो. उपासना संपल्यावर दाराशी कोणीतरी हात धरून म्हणते, आमच्या पोरासाठी प्रार्थना करा. आपण हो म्हणतो. घरी जाईपर्यंत पोराचे नाव विसरलेले असते. एक वही ठेवावी. नाव लिहावे, तारीख लिहावी, काय मागितले ते लिहावे. महिन्याभराने त्या घरी जावे आणि काय झाले ते विचारावे. उत्तर नको तसे आले असेल तर तेही वहीत लिहावे आणि देवापुढे तसेच ठेवावे. स्तोत्रकर्त्यांनी हेच केले आहे. त्यांनी देवापाशी तक्रारी केल्या, रडले, भांडले, आणि मंडळीने त्या तक्रारी पवित्र शास्त्रात जपून ठेवल्या. ज्या पाळकाची अशी वही भरलेली आहे त्याला रविवारच्या संदेशासाठी विषय शोधत बसावे लागत नाही.

आता या पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडे. स्तोत्रांपासून सुरुवात करून ते प्रभूच्या प्रार्थनेकडे, तिथून पौलाच्या पत्रांतल्या मध्यस्थीकडे आणि शेवटी सेवेच्या रोजच्या दिनक्रमाकडे येते. लेखकाची भाषा बोलण्यातली आहे, आणि जिथे त्यांना उत्तर सापडलेले नाही तिथे त्यांनी तसे लिहिले आहे. गटाने वाचणाऱ्यांनी एका बैठकीत एकाहून अधिक प्रकरण घेऊ नये. प्रत्येक प्रकरणानंतर निदान पंधरा मिनिटे वाचलेल्याविषयी न बोलता प्रार्थना करावी, आणि ती आपापल्या घरच्या बोलीत करावी. अहिराणीत, वाडवळीत, मालवणीत, वऱ्हाडीत. एरवी मराठीच्या वर्गात किंवा व्यासपीठावर तोंड न उघडणारी कित्येक माणसे आपल्या बोलीत मोकळेपणी बोलू लागतात, आणि गटात कोण काय ओझे वाहत आहे ते त्या वेळी पहिल्यांदा कळते. ते कळल्यावर पुढच्या आठवड्यात कोणी कोणाच्या घरी जायचे, हे उठण्यापूर्वी ठरवून घ्यावे.